डाव्या हातातला शंख

आम्स्टरडॅम, ९ मार्च १६५४

गिलिस,

तीन वर्षांनी लिहिते आहे, म्हणून आधी खुशाली. बाबा ठीक आहेत. सकाळी उठून खिडकीपाशी आपल्या जागी बसतात, काळा पाव ताकात बुडवून खातात आणि ताक आंबट आहे म्हणतात. क्राइन अजून छापयंत्र फिरवतो आणि अजून तितकंच बोलतो. खालचा टोपीवाला जागा सोडून गेला, तिथे आता पक्ष्यांचे पिंजरे विणणारा एक जण राहतो. आपलं पांढरं मांजर मागच्या हिवाळ्यात मेलं.

हे सांगण्यासाठी मी कागद घेतला नाही, हे तू ओळखलं असशीलच.

परवा लेउवार्डनच्या बोटीचा डाउवे लोण्याचं पिंप पोचवायला आला होता. "तुझा भाऊ चांगला अंगाने भरलाय," म्हणाला, "हसायला मात्र अजून शिकला नाही." त्याच्याकडून कळलं की जूनअखेर तुझी परीक्षा आहे. तिथल्या सोनारांच्या संघाचे चार परीक्षक तुझं काम तपासणार, पसंत पडलं की तुला स्वतःचा शिक्का मिळणार, दुकान काढता येणार, आणि डाउवेचं खरं मानलं तर तुझ्या मालकाची धाकटी बहीणही त्याच दिवसाकडे डोळे लावून बसली आहे. मला फार आनंद झाला. रीत म्हणून लिहीत नाही.

मग त्याने नियम सांगितला. हातकाम स्वतःचं हवं आणि आराखडाही स्वतःच्या डोक्यातून निघालेला हवा, कोणाच्या छापील पानावरून उचललेला नको. "नाहीतर तुझ्या बापाची पानं घेऊन कुणीही उस्ताद होईल की," असं म्हणून तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याला वाटलं बापाची थट्टा मला लागली.

तू हात धुवायची झारी घडवतो आहेस म्हणे. मुठीवर एक चिमुकला समुद्रमानव बसला आहे आणि शंख फुंकतो आहे. डाउवेला तो फार आवडला.

गेल्या शरदात बाबांच्या नावाने झाऱ्यांचा नवा संच निघाला, सहा पानांचा. बरा खपतो. तुझी जुनी चित्रं, जी तू पेटीत ठेवून गेलास, ती नीट आहेत.

एकच विचारायचं आहे. तो शंख त्याच्या कोणत्या हातात आहे?

तुझी बहीण,
हिलेगोंड

आम्स्टरडॅम, ४ एप्रिल

गिलिस,

तुझं उत्तर आलं. "डाव्या. का विचारतेस?" एवढंच. मी ते बरेच दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरले, जणू जास्त वेळ ठेवलं तर आणखी एखादी ओळ उमटेल.

का विचारलं ते सांगते. संचातलं चौथं पान म्हणजे तुझी झारी आहे. लाटेसारखं वळलेलं पोट, कानाच्या पाळीसारखी मऊ कड, आणि मुठीवर तो समुद्रमानव. पानाच्या तळाशी लिहिलं आहे: रचना व कोरणी, वेसेल आरिएन्स. म्हणजे बाबा.

छापील पानावर शंख उजव्या हातात आहे.

असं का झालं ते तुला समजेल. बाबा नेहमी चित्र आधी तेल लावून उलटून घेत आणि मागच्या बाजूने तांब्याच्या पत्र्यावर उतरवत. मग छापलं की सगळं मूळ चित्रासारखं सुलट येई. तुझं चित्र मी न उलटता तसंच उतरवलं, कारण कागद जाड होता आणि पाठीमागून रेघा दिसत नव्हत्या. त्यामुळे छापताना डावं ते उजवं झालं.

"मी उतरवलं" असं लिहून बसले आहे. आता खोडत नाही. बाबांच्या उजव्या हाताला थोडा कंप असतो. सहापैकी दोन पत्रे मी कोरले. चित्रं बाबांनीच पेटीतून काढून दिली आणि तळाशी काय कोरायचं तेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तुला पत्र लिहून विचारता आलं असतं, डाउवे महिन्यातून दोनदा येतो.

तुला आठवत असेल, मला अक्षरं बाबांनी तांब्यावर शिकवली, आधी उलटी आणि मग सुलटी. सहा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं की रस्त्यावरच्या पाट्या लोकांनी चुकीच्या रंगवल्या आहेत. बाबांनी हातात दिलेलं कोरायचं, ही सवय मला इतक्या लहानपणी लागली आहे की नाव कोरताना हात आपोआप चालला. ही सबब नाही. कसं झालं ते सांगते आहे.

एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी. संच इथे आणि उट्रेख्टमध्ये विकला जातो. लेउवार्डनला एकही पान गेलेलं नाही. तुझ्या परीक्षकांना ते दिसण्याचं कारण नाही. तू निर्धास्तपणे काम पुरं कर.

हिलेगोंड

आम्स्टरडॅम, ८ मे

गिलिस,

या वेळी तू पानभर लिहिलंस. प्रत्येक शब्दाला मी पात्र आहे. "तुम्ही दोघांनी मिळून माझा हात कापून घेतलात" हे वाक्य मी क्राइनलाही वाचून दाखवलं नाही. आधीची एक ओळ दाखवली होती, त्याला तुझी आठवण येते.

तू मागितलंस तेच रास्त आहे. बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं की चौथ्या पानाची रचना गिलिसची. म्हणून परवा जेवणानंतर मी पान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, ही झारी कोणाची?"

"माझी. खाली नाव वाच."

"नाव मी कोरलंय. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मग? मी सांगितलं म्हणजे माझंच झालं की."

"चित्र गिलिसचं होतं, बाबा. त्याच्या पेटीतलं."

ते हसले. "गिलिसचं? त्या डावऱ्याच्या रेघा म्हणजे वाऱ्याने आडवं पडलेलं गवत. अगं, हे मी काढलं. तुझी आई गेली त्या हिवाळ्यात. शाई गोठायची म्हणून दौत काखेत धरून बसायचो. तू लहान होतीस, तुला काय आठवणार."

मी अकरा वर्षांची होते. दौत काखेत तू धरायचास. बाबा त्या हिवाळ्यात भिंतीकडे तोंड करून पडून असत आणि तुला काम करताना बघत. ते खोटं बोलत नाहीत, गिलिस. त्यांनी तुला बघितलं आणि आता त्यांना वाटतं की ते स्वतः होते. क्राइनचं नाव त्यांना रोज आठवतं असंही नाही. काल त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली आणि मी ओ दिली.

तेव्हा मागच्या दोन पत्रांत मी जे लिहिलं ते नीट करते. बाबांनी तीन वर्षांत कोरणी हातात धरलेली नाही. तू गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातच त्यांचा हात गेला. सहाही पत्रे मी कोरले, त्याआधीचे नऊही मीच. तळाची त्यांची सही मी कोरते, गिऱ्हाइकांच्या पत्रांवर मी करते. बाहेर कळलं तर कार्यशाळा बंद होईल, कारण परवाना बाबांच्या नावाचा आहे, मुलीच्या नाही. आणि तुझी चित्रं नीट नाहीत. मागून लाल खडू लावून, वरून बोथट सुई फिरवून उतरवलं की कागदाचं काय होतं ते तुला माहीत आहे. चौथ्याच्या तर चिंध्याच झाल्या. मी तुकडे एका बशीत ठेवले होते. घरकामाला आलेल्या नव्या मुलीने बशी धुतली.

अजून आहे. क्राइनने एप्रिलमध्ये चाळीस संच लेउवार्डनच्या एका पुस्तकवाल्याला पाठवले. मला न विचारता, कारण त्याला वाटलं मला आनंद होईल. ज्या बोटीने माझं "निर्धास्त राहा" हे पत्र तुझ्याकडे आलं, त्याच बोटीने. मी धक्क्यावर धावत गेले तेव्हा डाउवे शिडाला ठिगळ लावत होता.

"ते गठ्ठे परत आणता येतील?"

"कुठले, चित्रांचे? पोरी, तो दुकानदार दोरीवर टांगून बसलाय. गावातले निम्मे सोनार बघून गेले. चौथं पान तर सगळ्यांत आधी संपलं."

"कोणी घेतलं?"

"आता मी काय नावं विचारत बसलो? एक लठ्ठ होता. त्याने दोन घेतली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, खपलंय म्हणजे चांगलंच की. तोंड असं का केलंस, मासा सडल्यासारखं?"

मी घरी आले आणि तुझ्या परीक्षकांना पत्र लिहायला बसले. तीनदा लिहिलं. पहिल्यात बाबा चोर ठरत होते. दुसऱ्यात मी चोर होते, पण मग बाबांच्या नावाची सगळी पानं खोटी ठरत होती. तिसऱ्यात कुणीच चोर नव्हतं आणि त्यामुळे ते वाचून कुणाला काहीच कळलं नसतं. तिन्ही शेगडीत घातली. शिवाय बहिणीने भावासाठी लिहिलेलं कोण खरं मानेल? आणि तुझ्या झारीवर शंख डाव्या हातात, पानावर उजव्या. ते म्हणतील, नक्कल लपवायला हात बदलला.

मला काय करायचं ते कळत नाही. तुला सुचलं तर सांग. तू सांगशील ते करीन.

हिलेगोंड

आम्स्टरडॅम, १५ जून

गिलिस,

तुझं उत्तर आलं नाही. मी तुला दोष देत नाही. हे पत्र आणि सोबतचं पाकीट डाउवेच्या हाती देते आहे. वारा उलटा आहे, तो निघायची वाट बघत धक्क्यावर बसला आहे. परीक्षेआधी नक्की पोचवीन म्हणतो.

आधी एक कबुली, मग बाकीचं. कागद जाड नव्हता. तू चित्रासाठी नेहमी पातळच कागद घेत होतास, तुला ते आठवलं असेल आणि तू मला खोटी म्हणाला नाहीस. मी चित्र मुद्दाम उलटलं नाही. उलटलं असतं तर छापील पानावर तुझ्या छायेच्या रेघा तशाच आल्या असत्या, वरून डावीकडून खाली उजवीकडे. इथलं प्रत्येक गिऱ्हाईक बाबांच्या रेघा ओळखतं, त्या उजवीकडून डावीकडे उतरतात. एका नजरेत कळलं असतं की हे काम डावऱ्याचं आहे. न उलटता छापलं आणि तुझ्या रेघा बाबांच्या झाल्या. हे मला कोणी सुचवलं नाही. बाबांनाही नाही सुचलं. मी शंभरदा विचार करून हे केलं, आणि मग तुझी एकेक रेघ इतक्या इमानाने कोरली, जणू त्याने भरपाई होणार होती.

पण त्या इमानाचा एक उपयोग निघाला. गेल्या गुरुवारी माझ्या मनात आलं की पत्र्यावर तुझा हात अजून तसाच आहे, फक्त पान तो उलटा दाखवतं. मग पान पुन्हा उलटवलं तर? मी क्राइनला ताजा ठसा काढायला लावला, शाई ओली असतानाच त्यावर दुसरा ओला कागद ठेवला आणि दोन्ही मिळून यंत्रातून काढले.

"शाई फुकट, कागद फुकट," क्राइन म्हणाला. "असला फिका ठसा कोण घेणार? धुक्यात छापल्यासारखा येईल."

"विकायचा नाहीये."

"मग काय भिंतीला लावून त्याची पूजा करायची?"

तळाची पट्टी मी कोऱ्या कागदाने झाकली होती, तुला बाबांचं नाव पाठवायचं नव्हतं. ठसा फिकाच आला. पण शंख डाव्या हातात होता, आणि रेघा तुझ्या होत्या. आडवं पडलेलं गवत. मी तो दोरीवर वाळत घातला आणि पाणी आणायला खाली गेले.

वर आले तेव्हा बाबा दोरीपाशी उभे होते. भिंग डोळ्याला लावून, नाक कागदाला टेकेल इतक्या जवळ. त्यांचा हात कापत होता म्हणून भिंग कापत होतं, आणि ते डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभे होते.

"गिलिस आला का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग हे कुठून आलं? हे त्याचं आहे." त्यांनी बोट रेघांवरून फिरवलं, कागदाला न लावता. "हा माझा डावरा. या पोराच्या बोटांवर मी किती पट्ट्या मारल्या. बघ, एक रेघ वळली नाही त्याची." त्यांनी भिंग झारीच्या पोटावर नेलं. मग म्हणाले, "मला असं पोट कधी जमलं नाही झारीचं. मी वळवायला गेलो की त्याचा भोपळा होतो. हे वळण त्याच्या मनगटातून येतं."

मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. मला खरंच तसं वाटलं.

मग ते वळले. "पण हे छापील आहे. हा पत्रा कोणी कोरला? कोणाच्या नावाने विकतात हे?"

क्राइन यंत्राच्या मागे गेला.

"माझ्या पोराचं काम कोणी चोरलं, हिलेगोंड?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आणखी एक खोटं, ते इथे लिहून ठेवते. मग मी म्हटलं, "बाबा, ते गिलिसचं आहे असं तुम्ही लिहून द्याल का? त्याला गरज आहे."

"आण कागद."

लिहिणं त्यांना जमेना. मजकूर मी लिहिला, त्यांनी सांगितला तसा, एक शब्द न बदलता: "शंखवाल्या समुद्रमानवाची झारी ही माझा मुलगा गिलिस याची रचना आहे, दुसऱ्या कोणाची नाही." खाली त्यांनी सही केली. पाव घटका लागली. दौत सांडली. सही झाल्यावर ते घामाघूम झाले होते आणि खूश होते.

ती सही या पाकिटात आहे. उघडशील तेव्हा तुला दिसेल. वे कुठे संपतो आणि से कुठे सुरू होतो ते कळत नाही, आणि शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं आहे. मी ती छापील पानावरच्या सहीशेजारी ठेवून पाहिली. पानावरची सही ठाम, गोल, सुंदर. तीन वर्षं जग जिला वेसेल आरिएन्सची सही म्हणून ओळखतं ती माझी आहे. त्यांची खरी सही तिच्याशेजारी खोटी दिसते.

क्राइननेही पाहिली. "पोरी," तो म्हणाला, "ही बघून कुणीही म्हणेल की म्हातारा मेला आणि पोरीने अंधारात त्याच्या नावाने खरडलं."

तरी पाठवते आहे. उलटा ठसा आणि ही सही. हे दोन्ही दाखवलंस तर परीक्षक विचारतील की सह्या दोन का, आणि मग तुला सगळं सांगावं लागेल: बाबांचा हात, माझं काम, सगळं. सांग. माझी त्याला हरकत नाही. परवाना गेला तर मी धुणी धुवीन. मी हे रागाने लिहीत नाही, मी विचार केला आहे. ठरव तू. मला आता ठरवण्याची भीती वाटते, मी ठरवलेल्या गोष्टी तू पाहिल्या आहेसच.

डाउवे हाक मारतो आहे.

हिलेगोंड

आम्स्टरडॅम, १९ जुलै

गिलिस,

तुझ्या पाच ओळी काल मिळाल्या. त्या इथे उतरवून काढते, म्हणजे मला नीट समजल्या की नाही ते तू सांगू शकशील.

"त्यांनी पान माझ्या झारीशेजारी ठेवलं. विचारलं, वेसेल आरिएन्स तुझा कोण? मी म्हटलं, बाप. विचारलं, रचना त्याची? मी म्हटलं, हो. तुझं पाकीट माझ्या खिशात होतं. ती सही चार परक्या माणसांच्या हातात द्यायला माझा हात गेला नाही. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी घेऊन ये म्हणाले. बाबांना काही सांगू नकोस."

मालकाच्या बहिणीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

तुझं पत्र येण्याआधी मी एक काम करून बसले होते, तेही सांगते. तू गप्प होतास तेवढ्या दिवसांत मला वाटलं की एक गोष्ट तरी माझ्या हातात आहे. मी चौथ्या पत्र्यावरचं बाबांचं नाव खरवडून काढलं, मागून हातोडीने ठोकून जागा वर आणली, घासली, आणि तिथे कोरलं: रचना, गिलिस वेसेल्स. तुझं नाव, मागे बापाचं लावून. कोरणी या शब्दापुढे काही लिहिलं नाही, ती जागा रिकामी ठेवली. बारा पानं छापली. इतकं चांगलं काही मी आजवर केलं नव्हतं. क्राइनने तुझं नाव मोठ्याने वाचलं आणि टोपी काढली, थट्टेने, पण काढली.

मग तुझं पत्र आलं. तू चौघांसमोर सांगितलं आहेस की रचना बापाची. आता तुझ्या नावाचं पान लेउवार्डनला पोचलं तर ते म्हणतील की आधी खोटं बोलला किंवा आता बोलतोय, आणि पुढच्या वर्षीही तुझ्यासाठी दार बंद होईल. डाउवेला सांगून पान तिकडे जाऊ द्यायचं नाही असंही करता येत नाही. पानं कुठे जातात ते मी मागेच शिकले. इथल्या एका पानावरून सोनार झारी करतो, सुतार कपाटाची कड करतो, केक भाजणारा साचा कोरतो, आणि पान हातोहात पुढे जात राहतं.

म्हणून काल संध्याकाळी मी बाराही पानं शेगडीत घातली आणि आज सकाळी तुझं नाव खरवडून पुन्हा बाबांचं कोरलं. एकाच जागी दोनदा खरवडलं की तांबं खोलगट होतं आणि कितीही पुसलं तरी तिथे शाई थोडी धरून राहते. आता बाबांच्या नावाखाली एक करडा डाग छापला जातो. गिऱ्हाइकांना वाटेल कागद वाईट आहे. तुझ्या हाती कधी ते पान आलं तर तो डाग काय आहे ते तुला माहीत असावं, म्हणून लिहिते.

बाबांची तब्येत तशीच आहे. सही केल्याचं त्यांना आठवत नाही. क्राइनला परवा त्यांनी विचारलं, तू कोण रे बाबा? क्राइन म्हणाला, "मी पोप," तर खूप हसले. पण दोरीवरचा तो ठसा ते विसरलेले नाहीत. तीच एक गोष्ट रोज त्यांच्याजवळ असते. रोज विचारतात की चोर सापडला का. मंगळवारी मला सहन झालं नाही आणि मी म्हटलं, "मीच, बाबा. मी कोरलं ते." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो डोक्यावरही कापत होता, आणि म्हणाले, "कोणाला वाचवतेस, बाळ?" मी पुन्हा सांगितलं. "पुरे," ते म्हणाले, "तुला असलं कोरता येत नाही. तुला मीच शिकवलंय."

आज सकाळी ताक आणि पाव पुढे ठेवला. एक घास खाऊन त्यांनी विचारलं, "त्या माणसाचा काही पत्ता?"

क्राइन यंत्राला तेल घालत होता. त्याने मान वर केली नाही.

"शोधते आहे," मी म्हटलं.

"नीट शोध. माझा मुलगा लांब आहे. त्याच्या बाजूने बघायला इथे तूच आहेस." मग त्यांनी वाटी पुढे सरकवली आणि ताक आंबट आहे म्हणाले.

हिलेगोंड